तपासणी कोणासाठी, कशासाठी?

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चाळीस वर्षे लक्ष्मी रस्त्यावर कापड मोजणारा एक व्यापारी आहे. तेव्हा औषधोपचाराचा सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही. मात्र आपल्या आरोग्य तपासणी शिबिराचा खर्च काही वर्षे उचलण्याचे भाग्य मला लाभले, आणि त्या शिबिराचा एक हिशेब माझ्याकडून द्यायचा राहून गेला आहे. तो आज आपणासमोर नम्रपणे मांडतो.

2014 सालच्या शिबिरात साठीपुढील सर्वांसाठी आपण संपूर्ण तपासणी मोफत ठेवली होती. माझे वडील, ज्यांना घरात सारे बाऊजी म्हणत, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. पहाटे पायी देवदर्शन करावे आणि मग दुकानात गादीवर बसून रोजमेळ स्वतःच्या हाताने लिहावा, हा त्यांचा नेम होता. त्यांची कसलीही तक्रार नव्हती. "मला काय झालंय म्हणून रक्त काढतोस?" असे ते मला म्हणाले. मी म्हणालो, "बाऊजी, शिबीर आपलं आहे. आपल्याच घरचे आले नाहीत तर लोक काय म्हणतील?" आणि मीच त्यांचा हात पुढे केला.

अहवालात पीएसए नावाचा आकडा वाढलेला निघाला. ही प्रोस्टेट ग्रंथीसंबंधीची रक्तचाचणी आहे. पुढे बायोप्सी झाली. बायोप्सीनंतर जंतुसंसर्ग होऊन ताप चढला आणि अकरा दिवस रुग्णालयात काढावे लागले. निदान आले ते अतिशय सावकाश वाढणाऱ्या कर्करोगाचे. शेवटी एका ज्येष्ठ तज्ज्ञांनी कागद पाहून सांगितले, "या वयात यावर काही करू नका. त्रास झाला तर या." त्रास कधी झालाच नाही. पण 'कॅन्सर' हा शब्द घरात आला तो गेला नाही. अशक्तपणामुळे पहाटेचे चालणे सुटले. रोजमेळाची वही त्यांनी मुकाट्याने माझ्याकडे सरकवली. नातीचे लग्न लवकर उरकून घ्या, असा आग्रह त्यांनी धरला. 2018 साली हृदयविकाराने ते गेले. त्या चार वर्षांत त्या गाठीने त्यांना एक दिवसही त्रास दिला नाही. जो काही त्रास झाला तो तिच्या शोधामुळे झाला, आणि त्या शोधाचे पैसे मी भरले होते.

बंधू-भगिनींनो, यात कोणा डॉक्टरांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. प्रत्येकाने आपापल्या परीने नियमानुसारच केले. चूक झाली ती पहिल्या पावलाला. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचले, जाणकारांना विचारले. त्यातून जे उमगले ते माझ्या व्यवसायाच्या भाषेत सांगतो.

उत्तम साडीच्या पोतातही एखादी बारीक गाठ असते. ती तशीच राहू दिली तर साडी वीस वर्षे टिकते. कोणी नखाने ती गाठ ओढली, की सूत निघू लागते. वयोवृद्ध शरीराचेही असेच असते. सत्तरी-ऐंशीतल्या अनेक पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत कर्करोगाच्या सूक्ष्म पेशी असतात आणि बहुतेकांना आयुष्यात त्यांची चाहूलही लागत नाही. म्हणूनच अमेरिकेतील तज्ज्ञांच्या मंडळाने 2018 साली स्पष्ट सांगितले, की सत्तरीनंतर निव्वळ चाळणी म्हणून ही रक्तचाचणी करू नये. एवढेच नव्हे, तर पीएसएवर मूलभूत संशोधन करणाऱ्या डॉ. रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनीच 2010 साली तिच्या सरसकट वापरावर जाहीर टीका केली होती.

दक्षिण कोरियाचे उदाहरण तर सर्वांनी लक्षात ठेवावे असे आहे. तेथे 1999 पासून कर्करोग तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्या जोडीने, थोड्या जादा पैशात, गळ्याची सोनोग्राफी करून घेण्याची प्रथा पडली. परिणाम असा झाला, की 1993 च्या तुलनेत 2011 मध्ये थायरॉईड कर्करोगाचे निदान पंधरापट झाले. मात्र त्या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण होते तेवढेच राहिले. हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या आणि त्यांना जन्मभराच्या गोळ्या लागल्या. जमेच्या बाजूला मात्र काहीच पडले नाही.

आता पॅकेजचा हिशेब पाहू. 'बहात्तर चाचण्या' अशी जाहिरात आपण वाचतो. एका रक्ताच्या थेंबातले घटक सुटे सुटे मोजून ही संख्या फुगवलेली असते. सदऱ्याची बटणे वेगळे कपडे म्हणून मोजावीत तसे. शिवाय अहवालात जी 'सामान्य मर्यादा' छापलेली असते, ती साधारणपणे शंभर निरोगी माणसांपैकी पंच्याण्णव जण तीत बसतील अशी ठरवलेली असते. म्हणजे पाच निरोगी माणसे मर्यादेबाहेर दिसणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एका धडधाकट माणसाच्या केल्या, तर निदान एक आकडा लाल शाईत येण्याची शक्यता शेकडा चौसष्ट होते. मग त्या लाल आकड्यामागे सोनोग्राफी, तिच्यामागे सीटी स्कॅन, असा प्रवास सुरू होतो. बाजारात एखादा माल खरेदीच्या भावाने विकतात, कारण तो घ्यायला आलेला ग्राहक आणखी चार वस्तू घेऊन जातो, हे मी आपणासारख्या व्यापाऱ्यांना काय सांगावे! अनावश्यक तपासण्या आणि त्यांमागचे कमिशन यांविषयी तर डॉक्टरांनीच साक्ष दिली आहे. आपल्या पुण्यातील 'साथी' संस्थेने 2015 साली देशभरातील 78 डॉक्टरांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या, डॉ. अरुण गद्रे यांनी ते काम केले. जिज्ञासूंनी ते अवश्य वाचावे.

याचा अर्थ तपासणी वाईट, असा कृपया कोणी घेऊ नये. योग्य वयात योग्य तपासणी प्राण वाचवते आणि त्याचा भक्कम पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सुमारे 1,30,000 स्त्रियांचा अभ्यास झाला. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी केलेल्या एकाच एचपीव्ही चाचणीने त्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने 35 ते 64 वयाच्या 1,51,538 स्त्रियांचा वीस वर्षे मागोवा घेतला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी स्तनतपासणी केली. 2021 साली निष्कर्ष आला, की पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्के कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. तपासणी तीच, हात तेच, पण लाभ वयानुसार निराळा! आणि या दोन्ही अभ्यासांत पासष्टीपुढील एकाही भगिनीला घेतलेले नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. कर्करोगाच्या अशा चाळणीचा लाभ पदरात पडायला अनेकदा दहाएक वर्षे लागतात. त्रास मात्र त्याच आठवड्यात सुरू होऊ शकतो. तरुणपणी ही उधारी परवडते. ऐंशीव्या वर्षी तिचा विचार करून व्यवहार करावा.

आणखी एक गोष्ट ठळकपणे सांगतो. मी बोलतो आहे ते तक्रार नसलेल्या माणसाच्या तपासणीविषयी. लघवीतून वा शौचातून रक्त जाणे, अंगावर गाठ लागणे, कारण नसताना वजन घटणे, छातीत दुखणे, अशी लक्षणे दिसली तर वय कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तेथे टाळाटाळ करणे हा अपराध आहे. तसेच, डॉक्टरांना न विचारता चालू तपासण्या वा औषधे कोणी बंद करू नयेत.

मग आपल्या शिबिराने काय करावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे काही सूचना विश्वस्तांसमोर ठेवतो. सत्तरीपुढील सभासदांसाठी सरसकट पॅकेज बंद करावे. त्याऐवजी रक्तदाब मोजावा, आणि तो बसून व उभे राहून, कारण उठताना चक्कर येऊन पडणे हे या वयातले मोठे संकट आहे. साखर, डोळे, कान, दात आणि चाल पाहावी. आपण सारे शाकाहारी. पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने 2006 साली प्रसिद्ध केलेल्या, 441 पुरुषांच्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-12 जीवनसत्त्व कमी आढळले होते. तेव्हा बी-12 ची तपासणी अवश्य ठेवावी. दोष सापडला तर उपाय सोपा आणि स्वस्त आहे. प्रत्येकाने घरातली औषधांची पिशवी सोबत आणावी आणि तीतील कोणती गोळी अजून लागते, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. बाकी कोणतीही तपासणी करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: आकडा वाईट आला तर पुढे काय करणार? आणि ते या वयात मला सोसेल का? या प्रश्नांना समाधानकारक उत्तर नसेल, तर नम्रपणे नकार द्यावा. त्यात डॉक्टरांचा अवमान नाही. सज्जन डॉक्टर अशा प्रश्नाचे स्वागतच करतात.

आपल्या परंपरेत औषधदानाच्या शेजारीच अभयदान सांगितले आहे. शिबिरात आलेला वृद्ध माणूस परतताना भय घेऊन गेला, तर आपले पहिले दान दुसऱ्याने खोडले जाते. अधिक चाचण्या म्हणजे अधिक पुण्य, असा हिशेब मी वर्षानुवर्षे केला आणि तो चुकला. बाऊजींनी लिहिलेला शेवटचा रोजमेळ माझ्या कपाटात आहे. शिबिराच्या आदल्या दिवशीपर्यंतचे अक्षर त्यात स्वच्छ, ठसठशीत आहे. त्यानंतरची पाने माझ्या हातची आहेत.

यंदाच्या शिबिराचाही खर्च मीच करीन, अशी विनंती मी विश्वस्तांना केली आहे. फक्त यादी आधी जाणत्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावी, एवढीच अट आहे. माझ्या बोलण्याने कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!