मिरचीचं पान का मुरडतं?



बेंगळुरूत गच्चीवर किंवा बाल्कनीत मिरची लावणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. रोप छान वाढतं, पहिली फुलं येतात आणि नेमकी तेव्हाच शेंड्याची पानं मुरडायला लागतात. याला आपण चुरडामुरडा किंवा बोकड्या म्हणतो. मग दुकानातून कुठलं तरी औषध येतं, संध्याकाळी फवारलं जातं, आणि सकाळी पोह्यांसाठी त्याच रोपाची मिरची तोडली जाते! म्हणून आज एकच गोष्ट शिकू या: फवारण्याआधी पान नीट बघायचं. कारण मुरडण्याचे प्रकार तीन आहेत आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिला प्रकार. पानाच्या कडा वर वळल्यात, पान होडीसारखं दिसतंय. हे बहुधा फुलकिडे. पांढऱ्या कागदावर फूल हलकेच झटका. बारीक, लांबट किडे पळताना दिसतील. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य साबण मिसळून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा करा.

दुसरा प्रकार. कडा खाली वळल्यात, होडी उलटी झालीय, पान अरुंद आणि देठ लांबलेला. हे कोळी. नुसत्या डोळ्यांना ते दिसतच नाहीत. आणि कोळी हा कीटक नाही, त्यामुळे कीटकांची बरीच औषधं त्याच्यावर चालत नाहीत. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी आणखी वाढतो. बिघडलेले शेंडे छाटून टाका. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम पुरतं. मात्र कडक उन्हात मारू नका, आणि निंबतेल व गंधक यांत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. काहीही फवारलं तरी डब्यावर लिहिलेले दिवस पाळा, आणि त्यानंतरच मिरची तोडा.

तिसरा प्रकार. पानं बारीक, चुरगळलेली, शिरांमधला भाग पिवळट, रोप खुजं आणि शेंड्याला पानांचा गुच्छ. हा विषाणू. पांढरी माशी तो पसरवते. याला औषध नाही. जीव कितीही अडकला असला तरी रोप उपटून पिशवीत बांधून टाका, म्हणजे शेजारच्या कुंड्या वाचतील. माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा.

आता फुलगळीबद्दल. फुलं गळली की आपण उन्हाला दोष देतो. एप्रिलमध्ये ते खरंही असेल. पण हे शहर सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, इथल्या रात्री बहुतेक महिने मिरचीला मानवतात. तेव्हा आधी फुलात डोकावून बघा. थ्रिप्स पार्विस्पिनस नावाचा परदेशी फुलकिडा भारतात पहिल्यांदा नोंदवला गेला तो २०१५ मध्ये, इथेच, बेंगळुरूत पपईवर. २०२१ मध्ये त्यानेच आंध्र आणि तेलंगणातल्या मिरचीचं प्रचंड नुकसान केलं. तो मुख्यतः फुलात राहतो.

रोप मुळातच दणकट असेल तर यातलं बरंच टळतं. बारा इंची कुंडी, तळाला भोकं, लाल माती आणि तेवढंच शेणखत किंवा कंपोस्ट, पाच-सहा तास ऊन. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात कुंडीत पाणी साचू देऊ नका. बियाणं हवं असेल तर हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का’ वाण आहेत. वर्षभराचं तिखट काही कुंडीतून निघणार नाही, त्यासाठी हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी आहेच. पण रोजच्या फोडणीच्या आणि ठेच्याच्या हिरव्या मिरच्या चार कुंड्यांतून सहज मिळतात.

तर मंडळी, आज पाणी घालताना एक पान उलटून बघा. होडी सुलटी आहे की उलटी, ते ठरवा. फवारणीचं त्यानंतर बघू. नमस्कार!