हाताच्या मापाची मूठ

प्रथमेश जावकर हे नाव आता बुलढाण्यात शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०२३ च्या मे महिन्यात शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत आपल्या या बुलढाण्याच्या मुलाने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला, म्हणजे त्या वेळच्या जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या तिरंदाजाला, १४९ विरुद्ध १४८ असे हरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंड प्रकारात सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. अंतिम सामन्यात प्रत्येकी पंधरा बाण, आणि फरक एका गुणाचा! आज मला बोलायचे आहे ते या एका गुणाबद्दल आणि लाकडाच्या एका तुकड्याबद्दल.

तिरंदाजी हा खर्चाचा खेळ. चांगल्या कंपाउंड धनुष्याची गोष्ट निघाली की लाखाची भाषा सुरू होते. मग आईवडील विचारतात, यातले काही घरी करता येणार नाही का? प्रामाणिक उत्तर असे, की बहुतेक काही करता येत नाही. या धनुष्याचा ताण साठ पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोपर्यंत असू शकतो. त्याच्या पात्या, चाके, दोरी यांना घरी हात लावणे म्हणजे डोळा गमावण्याची तयारी. पण एक भाग असा आहे, की तो घरी केलेलाच बरा. तो म्हणजे मूठ.

का, ते थोडे गणिताने पाहू. कंपाउंडचे लक्ष्य पन्नास मीटरवर असते. त्यातले दहा गुणांचे वर्तुळ अवघे आठ सेंटिमीटर रुंद, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत चार सेंटिमीटर. बाण साधारण सत्तर सेंटिमीटरचा धरा. सुटताना त्याचे टोक मनगटाच्या पिळाने एक मिलिमीटर बाजूला गेले, तर ढोबळ हिशेबाने पन्नास मीटरवर तो सात सेंटिमीटर भरकटतो. दहाचा नऊ झाला. हा पीळ येतो कुठून? मुठीतून. धनुष्याला बाण सोडणाऱ्याचा जो हात लागतो, तो या एवढ्याशा जागेवर लागतो.

कारखान्यातली मूठ कुणाच्या तरी सरासरी हाताची असते, आणि ते हात बहुधा मोठ्या माणसाचे. माझ्याकडे एक मुलगी आली होती, चौदा वर्षांची, संग्रामपूरकडची. वडिलांनी उसनवारी करून वापरलेले धनुष्य घेतले होते. बाण उंचीला बरोबर, पण डावीउजवीकडे पसरत. ‘हात चांगला नाही’ असा शेरा तिला मिळाला होता आणि खेळ सोडायचे घरात ठरत आले होते. मी तिचा तळवा त्या मुठीवर ठेवून पाहिला. मूठ इतकी जाड, की करंगळीकडची बाजू आपोआप टेकायची आणि धनुष्य पिळायची. हात चांगलाच होता, मूठ दुसऱ्याची होती.

खरे म्हणजे आपल्याकडे हे ज्ञान जुने आहे. कुऱ्हाडीचा दांडा, विळ्याची मूठ सुतार समोरच्याचा हात बघून करीत. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी वस्त्यांतले तीरकामठे पाहा. कामठा बांबूचा, अनेकदा दोरीही बांबूच्याच सालीची. त्याला वेगळी मूठ नसते, मधला जाड भाग हीच मूठ. परदेशात आडवे धनुष्य असते, क्रॉसबो. त्याचा लाकडी दस्ता बंदुकीसारखा खांद्याला टेकतो, आणि हौशी लोक तो घरी घडवतात तेव्हा हाताची लांबी, गालाची उंची मोजून घडवतात. तत्त्व तेच: हत्याराने माणसाच्या मापात यायचे.

आता लाकूड. आपल्या भागात दांड्याला धावडा, गाडी-औताला बाभूळ, हा जुना दंडक. ती लाकडे धक्का सोसणारी. पण मुठीला धक्का सोसायचा नसतो, तिने आकार बदलता कामा नये. बुलढाणा जिल्ह्यात घाटावरचा श्रावण ओला आणि घाटाखालचा मे महिना भट्टीसारखा. ओले लाकूड या फेऱ्यात आकसते, वाकते. म्हणून माझी पसंती सागवान किंवा शिसवीला, आणि तेही जुन्याला. मोडक्या पलंगाचा खूर, पडलेल्या वाड्याच्या तुळईचा तुकडा, यांच्यासारखे मुरलेले लाकूड वखारीत मिळणार नाही. जंगलातून तोडून आणायचा प्रश्नच नाही. अंबाबरवा आणि ज्ञानगंगा ही अभयारण्ये आहेत. बारा सेंटिमीटर लांब, सहा रुंद, पाच जाड, एवढा ठोकळा पुरतो. रेषा उभ्या असाव्यात, गाठ नसावी.

लाकडाला हात लावण्याआधी माती घ्या. पोळ्याचे बैल करतो तीच, चांगली मळलेली. धनुष्याची जुनी मूठ एकदोन स्क्रू काढले की निघते. आतल्या धातूच्या भागावर, ज्याला खेळाडू रायझर म्हणतात त्यावर, माती थापा, वर पातळ प्लास्टिक गुंडाळा आणि हात ठेवा. पकडू नका. भिंतीला हात टेकवतो तसा टेकवा. अंगठ्याच्या मुळाशी जी मांसल उशी आहे, दाब तिच्यावर यावा. तळव्यावरच्या आयुष्यरेषेच्या पलीकडे, करंगळीकडे, दाब जाता कामा नये. बोटांची पेरे तिरपी, सुमारे पंचेचाळीस अंशांत. हा ठसा घेताना दोरी ओढायची नाही. धनुष्याऐवजी कुणीतरी हाताला हलकेच मागे रेटले तरी पुरते. बाण न लावता दोरी ओढून सोडणे तर कधीच नाही, त्याने पात्या फुटतात.

ठसा वाळला की ठोकळा उभा मधोमध चिरायचा. दोन गाल झाले. प्रत्येकात रायझरच्या आकाराची खाच पटाशीने कोरायची. इथे घाई करणाऱ्याचे काम नाही. धातूवर दिव्याचे काजळ लावा, लाकूड दाबा, उचला. जिथे काळे लागले तिथे लाकूड अडते आहे, तेवढेच खरवडा. पुन्हा काजळ, पुन्हा दाबा. बंदुकीचे दस्ते बसवणारे कारागीर असेच करतात. वीसतीस फेऱ्या होतात. शेवटी खाच अशी बसते की स्क्रू न लावताही मूठ हलत नाही. स्क्रूची छिद्रे जुन्या मुठीवरून घ्या. धातूला मात्र कानस किंवा ड्रिल लावू नका, सगळा ताण त्याच्यावर असतो.

दोन्ही गाल चिकटवले की बाहेरचा आकार, मातीकडे बघत बघत, जाड कानशीने. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात बसणारी सर्वांत खोल जागा कारखान्याच्या मुठीत होती तिथेच ठेवा. ती वरखाली झाली तर धनुष्याचा तोलच बदलतो. बाकी सगळे तुमच्या हाताचे. जाडी थोडी जास्तच राखा. मग मैदानावर, प्रशिक्षकांसमोर, दहा बाण. पुन्हा कानस. पुन्हा दहा बाण. त्या मुलीची मूठ तीन रविवार चालली होती. शेवटी बाण सगळे दहात गेले असे नाही, पण आडवे पसरणे थांबले, आणि खेळ सोडायची गोष्ट घरात पुन्हा निघाली नाही.

लहान मुले ‘इंडियन राउंड’चे लाकडी-बांबूचे धनुष्य वापरतात. त्याच्या बाबतीत हा नियम उलटा. तिथली मूठ हीच धनुष्याचा कणा असते. ती कानसू नये, पातळ केली की मोडते. कमी वाटेल तिथे चामड्याचा तुकडा किंवा एम-सील लावून भर घाला, एवढेच.

शेवटचा हात पॉलिश पेपरचा. ओल्या फडक्याने पुसले की लाकडाचे तंतू उभे राहतात, वाळल्यावर ते पुन्हा घासा. वर व्हार्निश नको, घाम आला की हात सरकतो. जवसाचे तेल लावा. विदर्भात जवस काही नवे नाही. अगदी पातळ हात, मग दोनतीन दिवस वाळवणे, असे तीनचार वेळा. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. उन्हात पसरून वाळवा आणि मग टाका. स्पर्धेला जाताना नवी मूठ पंचांना साहित्य-तपासणीत दाखवा. 

आणि तो मातीचा ठसा जपून ठेवा, मागे तारीख टाकून. पोरांचे हात वाढतात. दोन वर्षांनी नवा ठसा शेजारी ठेवला, की कुठे किती भर लागेल ते मोजता येते, आणि जुनी मूठ तोवर घरातल्या धाकट्याच्या हाताला आलेली असते.