अनुभवाला पुराव्याची जोड

आज पदवी घेणाऱ्या डॉक्टरांनो,

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडलं. जत, कवठेमहांकाळ, अथणीकडची माणसं आजही ऑपरेशन म्हटलं की मिरजेची वाट धरतात. त्यांच्या या विश्वासाला जागायचं, तर नुसतं हातातलं कसब पुरत नाही. निर्णयामागे पुरावा लागतो.

धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांचं काम आठवा. हर्नियासाठी लागणारी कंपनीची जाळी खेड्यातल्या रुग्णाला परवडत नव्हती. त्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. पण ‘माझे रुग्ण बरे झाले’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. इतर सर्जनांनाही सोबत घेतलं आणि २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त निष्कर्ष मांडले. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर अशाच जाळीची चाचणी झाली. कोणाला स्वस्त जाळी आणि कोणाला महाग, हे तिथे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाचाच हर्निया उलटला, दुसऱ्या गटात कोणाचाच नाही. हे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा वेगवेगळ्या देशांतल्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा एका सर्जनच्या कल्पनेला जगाच्या अनुभवाचं बळ मिळालं.

हे एकत्र तपासणं म्हणजे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. आधी प्रश्न नेमका ठरवायचा, मग त्यावरचे सगळे अभ्यास शोधायचे. आपल्या मताला सोयीचे तेवढेच नाहीत. दोघांनी स्वतंत्रपणे ते निवडायचे, प्रत्येकातला पक्षपात तपासायचा. अभ्यास एकमेकांशी जुळणारे असतील तरच आकड्यांची गोळाबेरीज करायची, म्हणजे मेटा-अ‍ॅनालिसिस. कच्चे अभ्यास कितीही एकत्र केले तरी निष्कर्ष पक्का होत नाही.

शस्त्रक्रियेत हे काम अधिक अवघड आहे. गोळीसारखं ऑपरेशन सगळीकडे एकसारखं नसतं. सर्जनचा हात, त्याचा सराव, भूल, नंतरची शुश्रूषा या सगळ्यांचा परिणाम होतो. कोणतं ऑपरेशन होतंय, हे सर्जनपासून लपवता येत नाही. शिवाय फसलेले प्रयोग बहुधा छापलेच जात नाहीत. म्हणून रिव्ह्यूचा शेवटचा परिच्छेद वाचून निर्णय घेऊ नका. त्यातले रुग्ण, सर्जन आणि सोयी आपल्यासारख्या होत्या का, हे आधी विचारा.

तुमच्यातले बरेच जण उद्या ग्रामीण रुग्णालयांत रुजू व्हाल. तिथल्या नोंदी नीट ठेवा. रुग्णाला फॉलोअपला बोलवा, न आल्यास शोधा. जखम चिघळली, हर्निया उलटला, तर तेही लिहा आणि छापा. आपल्या रुग्णांची माहिती जगाच्या पुराव्यात नसेल, तर त्यांच्यासाठीचे निर्णय दुसऱ्यांच्या रुग्णांवरून होत राहतील. तसं होऊ देऊ नका.