पाऊसकाळीं मोटारीनें आंजर्ल्यास

पूर्वीं कोंकणांत पावसाळा म्हणजे घरीं राहण्याचे दिवस असत. मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास मुंबईहून हर्णै बंदरास येणाऱ्या आगबोटी बंद होत आणि समुद्र शांत झाल्यावरच त्यांचें दर्शन पुन्हा घडे. हर्णैच्या उत्तरेस, जोग नदीच्या मुखाशीं वसलेल्या आंजर्ले गांवाचा मुंबईशीं असलेला संबंध या काळापुरता जवळजवळ तुटून जाई. प्रवासास निघावें कीं निघूं नये, हा प्रश्नच गृहस्थासमोर येत नसे. त्याचें उत्तर समुद्रच देऊन टाकी.

समुद्राचें हें उत्तर न मानल्यास काय होतें, हें मुंबईकरांनीं १९४७ सालीं पाहिलें. त्या वर्षीच्या १७ जुलैस, आषाढी अमावास्येच्या दिवशीं, रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईपासून थोड्याच मैलांवर बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं.

आज परिस्थिति अगदीं निराळी आहे. कोंकण रेल्वे खेडवरून धांवते. आंजर्ल्याच्या खाडीवर पूल झाला आहे. जेथें पूर्वीं तरीची वाट पाहावी लागे, तेथें मोटार क्षणांत पार होते. मुंबईहून पहाटे निघालेलें कुटुंब दोनशें किलोमीटरांहून अधिक अंतर कापून त्याच दिवशीं कड्यावरच्या गणपतीचें दर्शन घेऊं शकतें. मात्र या सोयीबरोबर एक भारही आला आहे. पूर्वीं निघूं नये हें आगबोट कंपनी ठरवीत असे. आतां तें प्रत्येक कुटुंबानें स्वतःच ठरवावयाचें आहे.

परदेशांतून सुटीवर आलेल्या मंडळींना या निर्णयांत हटकून एक भ्रम होतो. इंग्लंडांत वर्षभर पावसांत मोटार हांकल्यामुळें पावसाची आपल्याला संवयच आहे, असें त्यांस वाटतें. पण लंडनला वर्षभरांत पडणारा पाऊस सुमारें ६०० मिलीमीटर. दापोलीच्या परिसरांत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच सुमारें ३,५०० मिलीमीटर पडतो. आपलें हवामानखातें २४ तासांत २०४.५ मिलीमीटर किंवा त्याहून अधिक पावसास ‘अत्यंत जोरदार’ म्हणतें. म्हणजे लंडनचा चार महिन्यांचा पाऊस येथें एका दिवसांत पडूं शकतो. अशा पावसाचा लाल इशारा निघाला असतांना गाडींत सामान भरणें हें धाडस नव्हे, अविचार आहे.

पावसाइतकाच भरतीचाही विचार हवा. सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी या नद्या सह्याद्रींतून वेगानें उतरतात आणि थोड्याच अंतरावर खाडीस मिळतात. वरून पूर येत असतांना खालून भरती चढली, कीं पाण्यास वाट मिळत नाहीं व तें गांवांत, बाजारपेठेंत आणि रस्त्यांवर पसरतें. यासाठीं कोंकणांतील जुन्या माणसांचें गणित अजूनही उपयोगी आहे : तिथीचा अंक घेऊन त्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची अदमासें वेळ निघते. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन. म्हणून पहाटे तीन व दुपारीं तीन या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचें पाणी सर्वांत अधिक चढतें. घरांतील मुलांना हें गणित करावयास दिलें, तर प्रवासाची तयारी आणि शिक्षण दोन्ही एकदम साधतात.

रस्त्यावर पाणी वाहूं लागलें, म्हणजे डोळ्यांवर विश्वास ठेवूं नये. गढूळ पाण्याखालीं रस्ता आहे कीं वाहून गेला आहे, हें वरून कळत नाहीं. सुमारें ३० सेंटीमीटर वाहत्या पाण्यांत लहान मोटार तरंगूं लागते. ६० सेंटीमीटर पाणी मोठ्या गाडीसही ओढून नेतें. सपाट रस्त्यावरही वेग अधिक असला, तर टायर व रस्ता यांमध्यें पाण्याचा थर शिरतो आणि चाकांची पकड सुटते. टायरांच्या खांचा झिजून १.६ मिलीमीटरांवर आल्या, कीं ते टायर पावसांत निरुपयोगीच समजावेत. कोंकण रेल्वेसारखी रुळांवरून धांवणारी गाडीदेखील पावसाळ्यांत निराळें वेळापत्रक लावून आपली गति कमी करते. मग घाटांत मोटारीनें घाई कां करावी?

अलीकडील दोन दुर्घटना या बाबतींत विसरतां येण्याजोग्या नाहींत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरील जुना दगडी पूल पुरांत कोसळला, दोन एस्‌. टी. गाड्या आणि कांहीं मोटारी उतारूंसह वाहून गेल्या. त्या अंधारांत येणाऱ्या चालकांस पुढें पूल नाहीं, हें कळण्यास कांहींच साधन नव्हतें. पुढें २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील कर्मचारी वर्षासहलीसाठीं महाबळेश्वरकडे निघाले असतां त्यांची बस आंबेनळी घाटांत दरींत कोसळली. तीस जण गेले, एकच वांचला. सकाळीं आनंदानें निरोप देऊन निघालेल्या त्या माणसांची घरें दापोली परिसरांत आजही आहेत.

याच टापूंतील एका जुन्या प्रवासाची गोष्ट येथें आठवते. १८७५ च्या पावसाळ्यांत जवळच्या मुरूड गांवचा धोंडो केशव कर्वे हा तरुण परीक्षेसाठीं निघाला. समुद्रमार्ग बंद, म्हणून तो मित्रांसह सह्याद्रि ओलांडून शंभराहून अधिक मैल पायीं चालत साताऱ्यास पोहोंचला. आणि वयानें लहान दिसतो म्हणून त्यास परीक्षेस बसूं दिलें नाहीं. पुढें महर्षि म्हणून विख्यात झालेल्या या पुरुषाच्या जिद्दीचें कौतुक करावें तितकें थोडें. परंतु ती जिद्द ज्ञानाच्या वाटेसाठीं होती, आणि परीक्षेचा दिवस त्याच्या हातीं नव्हता. सुटीचा दिवस मात्र आपल्या हातीं असतो. गणेशचतुर्थीची तिथि बदलतां येत नसली, तरी दोन दिवस आधीं निघणें शक्य असतें.

म्हणून निघण्यापूर्वीं घरांत एकच गोष्ट पक्की करावी : परत फिरण्याचा शब्द कोणाचा. चालकाच्या शेजारीं बसलेल्या आईनें, मागें बसलेल्या आजोबांनीं किंवा भ्यालेल्या मुलानें ‘थांबा’ म्हटलें, तर वाद न घालतां थांबावें. माणगांवीं किंवा महाडास एक रात्र मुक्काम पडला, तर कोणाचाही मान कमी होत नाहीं. उजेडांत निघावें, उजेडांत पोहोंचावें. रस्ता बंद आहे असें पोलिसांनीं सांगितलें, तर ओळखीपाळखीचा आधार घेऊन पुढें जाण्याची खटपट करूं नये. आंजर्ल्यास घरीं फोन करून उशीर होईल असें कळवावें, म्हणजे तेथील वडीलधाऱ्यांचा जीव टांगणीस लागत नाहीं.

पाऊस आवडणाऱ्यानें पावसाचा मान राखावा. ढग वर गेले, ऊन पडलें, म्हणजे कड्यावरून सुवर्णदुर्ग दिसतो, खालीं पोफळीच्या बागा धुऊन निघालेल्या असतात आणि खाडीचें तांबडें पाणी हळूहळू निवळूं लागतें. हें दृश्य एक दिवस उशिरानें पाहिलें, तरी तें तितकेंच सुंदर असतें.