काळ्या दगडाचं माहेर



स्नेहमेळाव्यात दगडांवर बोलणं म्हणजे धाडसच. पण मॉरिशसजवळ एक बेट आहे, त्याचं नावच रियुनियन! तिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. आपल्या चिखलदऱ्याच्या काळ्या दगडाचं माहेर त्याच्याच खाली, असं अनेक भूवैज्ञानिक मानतात.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. पृथ्वीच्या प्रावरणातून वर येणाऱ्या उष्ण झोतावरून तो सरकत असताना लाव्हाचे थरांवर थर साचले. गाविलगडचे डोंगर त्यातलेच. वऱ्हाडातली काळी माती त्यांच्याच झिजेतली. पुढे भारत उत्तरेला आला, आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस, रियुनियन अशी ओळ उरली.

तुम्ही म्हणाल, काहून बा, हे ओळखता कसं? समस्थानिकांवरून. म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमीजास्त वजनाचे अणू. रुबिडियम-८७ चं अतिशय सावकाश स्ट्रॉन्शियम-८७ होतं. भूकवचात रुबिडियम जास्त, म्हणून जुन्या कवचात स्ट्रॉन्शियम-८७ चं ८६ शी गुणोत्तर मोठं असतं, प्रावरणात लहान. दगड वितळला तरी हे गुणोत्तर तसंच राहतं.

अडचण भेसळीची. वर येताना लाव्हात कवचाचा दगड विरघळतो, दुधात पाणी मिसळावं तसा. पश्चिम घाटातल्या बुशे थरांत हे गुणोत्तर ०.७१३ च्याही वर जातं. महाबळेश्वरजवळच्या अंबेनळी थरांत मात्र ते ०.७०४ च्या आसपास आहे, आणि रियुनियनच्या लाव्हातही तेवढंच. पण एक आकडा जुळला म्हणून नातं ठरत नाही. निओडिमियम, शिसं, हेलियमही तपासावं लागतं. राजस्थानातल्या मुंडवारा आणि सरनू-दंडाली इथल्या, जवळपास त्याच काळातल्या खडकांत हेलियम-३ चं प्रमाण बरंच जास्त सापडलं. ती खोलवरून आल्याची खूण मानतात. तरीही काही अभ्यासकांना झोताची कल्पना मान्य नाही. वाद चालू आहे.

म्हणून एक विनंती. दगड कोणत्या थरातला, हे ठाऊक असेल तरच त्याच्या आकड्याला अर्थ असतो. गिट्टी खदानीत डोंगर फुटला की थरांचा क्रमही जातो. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांनी मुलांना चिखलदऱ्याला नुसता पॉइंट दाखवू नये. कड्यातले थर खालून वर मोजायला लावावेत, वहीत काढून घ्यावेत. खडकांचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.