पॉडकास्टचे अंदाजपत्रक

दिनांक २३ जुलै १९२७ रोजी मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या ध्वनिक्षेपण केंद्राचे उद्घाटन तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड अर्विन यांच्या हस्ते झाले. पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचे केंद्र सुरू झाले. त्यापूर्वी हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबांनी हा खेळ करून पाहिला होता खरा; परंतु नित्य कार्यक्रमांचा संसार थाटणारी देशातील पहिली मोठी संस्था हीच होय. कंपनीचे अधिकृत भांडवल १५ लक्ष रुपयांचे होते. प्रत्यक्ष हाती आले ते सुमारे ६ लक्ष. आणि त्यांपैकी सुमारे साडेचार लक्ष दोन केंद्रांच्या उभारणीतच खर्ची पडले. श्रोत्याने भरलेल्या १० रुपयांच्या वार्षिक परवाना-शुल्कातून कंपनीच्या पदरी ८ रुपये पडत. परवाने सबंध देशात आठ हजारांपर्यंतही पोहोचले नाहीत. म्हणजे या वाटेने वर्षाकाठी ६४ हजार रुपयेही येणे नव्हते. मार्च १९३० मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला, आणि १ एप्रिलपासून केंद्रे सरकारने चालविण्यास घेतली.

ही कंपनी यंत्रे बिघडल्यामुळे बुडाली नाही. यंत्रे धडधाकट होती. यंत्रासमोर रोज कोणी तरी बोलावे, गावे, वाजवावे, याकरिता लागणारा पैसा मात्र उरला नव्हता. आज पॉडकास्ट सुरू करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हा जमाखर्च एकदा नजरेखालून घालावा, इतका तो बोधप्रद आहे.

पॉडकास्ट म्हणजे महाजालावरून ठरावीक काळाने प्रसृत होणारी ध्वनिमुद्रित भागांची मालिका. श्रोता ती आपल्या सवडीने ऐकतो. आयपॉड नावाचे खिशातील वादनयंत्र आणि ब्रॉडकास्ट म्हणजे ध्वनिक्षेपण, या दोहोंच्या जोडणीतून हा शब्द २००४ साली बेन हॅमर्सली या इंग्रज पत्रकाराच्या लेखात प्रथम उमटला. आयपॉडचे उत्पादन २०२२ साली बंद झाले. यंत्र गेले, शब्द राहिला! ध्वनिक्षेपणास मनोरा लागे. येथे तो लागत नाही. त्यामुळे हे काम फुकटात होते असा एक समज, आणि उत्तम यंत्राखेरीज ते होतच नाही असा दुसरा समज, असे दोन्ही समज प्रचलित आहेत. दोन्ही सारखेच घातक आहेत.

उदाहरणादाखल कोल्हापूर जिल्ह्यातील दोन तरुण मित्र कल्पनेने डोळ्यांपुढे आणावेत. घोंगडी विणणारे सनगर, चपला बांधणारे चर्मकार, गुऱ्हाळावरील गुळव्या, हुपरीचे चांदीचे कारागीर, अशा वृद्ध कसबी लोकांच्या मुलाखती घ्याव्यात आणि प्रत्येकाचा अर्ध्या तासाचा भाग करावा, असा त्यांचा संकल्प आहे. दोघांनी मिळून ४०,००० रुपये शिल्लक टाकले आहेत. संकल्प निःसंशय स्तुत्य आहे. प्रश्न एवढाच, की हे ४०,००० रुपये कोणत्या क्रमाने खर्चावेत?

उत्साहाच्या भरात बहुधा पहिली फेरी दुकानाकडे होते. मोठा ध्वनिग्राहक, मिक्सर, भिंतीस लावावयाचे फोमचे तक्ते, मेज, दिवे. पाहता पाहता ३०,००० रुपये संपतात. उरले १०,०००. आता प्रत्येक भागाचा खर्च पाहू जाता, जाण्यायेण्याचे ५०० रुपये, कारागिराचा अर्धा दिवस मोडतो त्याबद्दल मानधन ७०० रुपये आणि चहापाणी, छायाचित्र, किरकोळ मिळून २०० रुपये, असे १,४०० रुपये धरावे लागतात. सात भागांस ९,८०० रुपये लागतील. आठव्या भागाच्या वेळी पेटीत २०० रुपये असतील. म्हणजे चार आण्यांचा संसार आणि बारा आण्यांचे यंत्र! कंपनीच्या ६ लक्षांतील साडेचार लक्षांचे प्रमाणही नेमके हेच होते. शिवाय गंमत अशी, की मुलाखती व्हावयाच्या त्या मागापाशी व काहिलीपाशी; तेथे घरच्या भिंतीवरील फोमचा उपयोग शून्य.

अंदाजपत्रक उलट्या टोकाकडून मांडावे. प्रथम भागांची संख्या ठरवावी. दरमहा दोन, असे दहा महिने, म्हणजे २० भाग. वीस भागांचे चालू खर्चाचे २८,००० रुपये आधी बाजूस काढून ठेवावेत, व त्यांस यंत्राकरिता हात लावू नये. पुढे ४,००० रुपये अडीअडचणीसाठी राखावेत. कारण गुऱ्हाळाचा हंगाम चुकला अथवा कारागीर आजारी पडला, तर दुसरी खेप करावीच लागते. उरलेल्या ८,००० रुपयांत यंत्रसामग्री बसवावी. जवळचा मोबाइल फोन, त्यास जोडता येणारे कपड्यास अडकविण्याचे दोन छोटे ध्वनिग्राहक, वाऱ्याचा घोंगाट अडविणारी लोकरीची टोपी, कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि साठवणीची तबकडी, एवढ्यात काम होते. काटछाट व जुळणीसाठी घरचा संगणक व ऑडॅसिटीसारखी विनामूल्य प्रणाली पुरे होते. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. परंतु अंथरूण कोणत्या बाजूने मोजावयाचे, यातच सारे मर्म आहे.

साठवणीचा हिशेब क्षुल्लक मानू नये. मूळ, न दाबलेले दुपदरी ध्वनिमुद्रण संगीताच्या सीडीच्या प्रतीचे ठेवल्यास तासास सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेते. प्रत्येक कारागिराचे दोन तास, असे ४० तास मुद्रित झाल्यास सुमारे २५ गिगाबाइट होतात. श्रोत्यापर्यंत जाणारा अर्ध्या तासाचा एकपदरी, दाबलेला भाग मात्र अवघ्या १४ मेगाबाइटच्या आसपास बसतो. मूळ मुद्रणाच्या दोन प्रती, दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात. भाग महाजालावर ठेवण्याची सोय काही संस्था विनामूल्य देतात, काही मासिक शुल्क घेतात. आरंभी विनामूल्य सोय घेण्यास हरकत नाही. पण आपला ठेवा केवळ परक्याच्या कोठारात ठेवू नये. गूगलसारख्या बलाढ्य संस्थेनेही आपली पॉडकास्ट ऐकविण्याची स्वतंत्र सोय २०२४ साली बंद केली, हे विसरता कामा नये.

दुसरा सांभाळण्याचा खर्च हक्कांचा. आवडते चित्रपटगीत भागाच्या आरंभी वाजविण्याचा मोह होतो. भारतीय कायद्यानुसार गीत व संगीत यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, आणि ध्वनिमुद्रिकेवरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. परवानगीवाचून वाजविलेले अर्धे मिनिटही पुढे भाग काढून टाकण्यास कारण होऊ शकते. मागाचा खटखटाट अथवा काहिलीत उकळणाऱ्या रसाचा आवाज यांहून अधिक समर्पक आरंभ तो कोणता, आणि त्यास दामही पडत नाही! बोलणाऱ्याची संमती मात्र लेखी घ्यावी. हक्काच्या बाबतीत वृद्ध कारागीर चित्रपट-कंपनीहून कमी मानण्याचे कारण नाही.

पैशाच्या वहीशेजारी वेळाची वहीही असावी. एका भागास प्रवास व मुलाखत यांचे ५ तास, ऐकून निवडण्याचे व जुळविण्याचे ६ तास, आणि मथळा, माहिती, पत्रव्यवहार यांचा १ तास धरला, तर १२ तास होतात. वीस भागांचे २४० तास झाले. दोघांनी ते वाटून घेतले तरी प्रत्येकास महिन्याचे १२ तास द्यावे लागतील. नोकरी व घर सांभाळून एवढे तास निघत नसतील, तर भाग महिन्यास एकच करावा. मुलाखत घेण्यास सर्वच उत्सुक असतात. कंटाळा येतो तो रात्री एकट्याने बसून जुळणी करण्याचा, आणि बहुतेक मालिका तेथेच थांबतात.

उत्पन्नाविषयी एकच नियम पुरे आहे. पहिल्या वर्षीच्या जमेच्या बाजूस जाहिरातीचे व देणगीचे पूज्य मांडावे. काही आले तर ते पुढील वर्षाचे बीज समजावे. न आलेल्या परवान्यांच्या भरवशावर कंपनी राहिली, आणि तिचे काय झाले ते आरंभी आलेच आहे.

हा सारा खटाटोप कशासाठी, हे शेवटी ध्यानात घ्यावयाचे. आठव्या भागास पैसे उरले नाहीत, तर ती केवळ आकड्यांची तूट राहत नाही. आठवा कारागीर, समजा, पंच्याऐंशी वर्षांचा गुळव्या आहे. चाचणी केव्हा आली, रस केव्हा उतरवावा, हे तो नुसत्या नजरेने व बोटांनी जाणतो. आणि ते त्याच्या तोंडून ऐकून ठेवणारे दुसरे कोणी नाही. पुढच्या वर्षी पैसे पुन्हा जमतील. तो पुन्हा भेटेलच असे नाही. तीस हजारांचा ध्वनिग्राहक दुकानात उद्याही मिळतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर यंत्राची किंमत न लिहिता वीस कारागिरांची नावे लिहावीत, आणि प्रत्येक नावापुढे १,४०० रुपये मांडून ठेवावेत.