भय सांगावे कोणाला



दीक्षान्त प्रसंगी वक्त्याने यशाचे मार्ग सांगावेत असा प्रघात आहे, आणि त्या प्रघाताचा अवमान करण्याची माझी इच्छा नाही. परंतु मघाशी या व्यासपीठावर बसून तुमचे चेहरे न्याहाळीत असता, ज्या मुलाने पदवीचा झगा अंगावर चढवताना शेजारच्या मित्राला हळूच विचारले की आता पुढे काय, त्याच्या स्वरातला कंप माझ्या कानी पडला आणि मी घरून आणलेला कागद घडी करून खिशात ठेवला. तो कंप मला ओळखीचा आहे. या संग्रामपूर तालुक्यात वाढलेल्या माणसाला भयाची ओळख कोणी करून द्यावी लागत नाही. उत्तरेस सातपुडा आणि अंबाबरव्याचे अरण्य, दक्षिणेस पूर्णेचे खोरे, आणि मध्ये हा खारपाणपट्टा, जिथे विहिरीचे पाणी तोंडाशी नेताना घरातल्या कर्त्या माणसाच्या मूत्रपिंडाची चिंता मनात येते. पाऊस आला नाही तर कपाशी जळते आणि आला तर 2023 च्या जुलैसारखा येतो, की रात्रीतून शेताची माती खरवडून नेतो. त्यावर आता तुमचे स्वतःचे भय: लोकसेवा आयोगाच्या यादीत नाव लागेल की नाही, पुण्याच्या वसतिगृहात तीन वर्षे काढून रिकाम्या हाताने गावच्या पारावरून घरी कसे जावे, बहिणीच्या लग्नाच्या ज्या कर्जावर आपली सही आहे ते कसे फेडावे.

मी ख्रिस्ती मनुष्य आहे. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी शेगावच्या गजानन महाराजांची तसबीर असेल, कोणाच्या घरी बाबासाहेबांची, कोणी नमाजी घरातले असतील. त्यांना त्यांच्या ठिकाणाहून हलविण्यासाठी मी इथे उभा नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत की आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, आणि ज्या भूमीत असा पूल आहे तिथे एकमेकांच्या काठावर जाऊन येण्यात संकोच नसावा. मात्र भयाविषयी मला जे काही कळले आहे ते माझ्या श्रद्धेच्या मार्गाने कळले, म्हणून ते त्याच भाषेत सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

भयाची एक रीत अशी की त्याला एकदा घरात कारभारी नेमले की ते सगळे दप्तर आपल्या ताब्यात घेते. याच टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आपल्या माहेरचे जे वर्णन केले आहे ते तुम्ही अवश्य वाचा. 1857 च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांच्या मनात सोवळ्याने असे ठाण मांडले की बाजारातून आलेले मीठसुद्धा धुतल्याखेरीज घरात घेतले जाईना. मीठ धुणे! पाण्यात विरघळून जाणारी वस्तू पाण्यानेच शुद्ध करू पाहणारा तो गृहस्थ वेडा नव्हता. त्याने आपले भय कोणापाशी कधी उच्चारले नसावे, आणि जे उच्चारले नाही ते हातापायांतून बाहेर पडू लागले, असे मला वाटते. अशा घरची ही कन्या. 1895 साली पती ख्रिस्ती झाल्यावर तिने काही वर्षे विरहात काढली, आणि 1900 साली स्वतः बाप्तिस्मा घेतला, तोवर स्पर्शाचे ते वंशपरंपरेचे भय तिच्या मनातून एकेक पदर करीत गळून पडले होते.

परंतु आज मला तुमच्यापुढे प्रामुख्याने ज्यांना आणून उभे करायचे आहे, त्या पंडिता रमाबाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, ज्यांनी जनरीतीला न जुमानता पत्नीला संस्कृत शिकविले, ते सहकुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत हिंडत असता 1874 च्या सुमाराच्या दुष्काळात सापडले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. मागे उरली ती रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. आईचा देह स्मशानात न्यायला माणसे मिळेनात, मोठ्या मिनतवारीने दोघे मिळाले, भाऊ तिसरा आणि ही मुलगी चौथी. तिची उंची इतकी कमी की खांद्याने तिरडी समतोल राहीना, म्हणून तिने ती डोक्यावर घेतली. तीन मैल. पुढे ही भावंडे हिंडत हिंडत पंजाबात झेलमच्या काठी आली तेव्हा अंगावर पांघरूण नव्हते. थंडीपासून वाचण्यासाठी त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत उतरून मानेपर्यंत वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. ज्याला आपण भय म्हणतो त्याच्या पोटात ही मुलगी राहून आली होती.

आता वीस वर्षे पुढे या. कलकत्त्यात पंडिता ही पदवी, विवाह, दोन वर्षांतच वैधव्य, 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा, 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन, जे पुढे पुण्यास आले. हा सर्व इतिहास तुम्हाला ग्रंथालयात मिळेल. मला थांबायचे आहे ते 1896 च्या अखेरीस, जेव्हा मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या वऱ्हाडाच्या शेजारीच, दुष्काळ पडल्याची वार्ता पुण्यास पोहोचली. रमाबाईंच्या हाती द्रव्य नव्हते. आपण कोणाकोणाला खाऊ घालणार, हा हिशेब कोणत्याही शहाण्या कारकुनाने मांडून नाही असा शेरा मारला असता. त्यातून भुकेचे प्रत्येक लक्षण त्यांना स्वतःच्या अंगाने ठाऊक. दुष्काळ हा शब्द ऐकताच ज्यांनी दार लावून घेतले असते तरी कोणी बोट दाखविले नसते, अशी ही स्त्री. त्यांनी प्रार्थना केली, आणि त्या निघाल्या. ज्या वाटेने पूर्वी जीव घेऊन बाहेर पडल्या होत्या त्याच वाटेने परत आत. सुमारे तीनशे मुली आणि बालविधवा त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आड आले, तेव्हा केडगावच्या माळावर घेतलेल्या शेतजमिनीत त्यांनी त्या मुलींची सोय लावली, आणि 1898 साली तिथे ‘मुक्ती’ या आश्रमाची रीतसर स्थापना झाली. पाठोपाठ छप्पनचा, म्हणजे विक्रम संवत 1956 चा (1899-1900), दुष्काळ आला आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. त्यांच्या धर्मांतरावर महाराष्ट्राने जितकी शाई खर्च केली तिचा शतांशही त्या केडगावच्या ताटांवर खर्च केली नाही, याचे मला आजही दुःख होते.

मी पुष्कळ दिवस असे समजत होतो की प्रार्थना केली की भय जाते, आणि ज्या अर्थी माझे भय गेले नाही त्या अर्थी माझ्या श्रद्धेतच काही खोट आहे. हा समज ज्याने कोणी आम्हाला लहानपणी दिला त्याने सद्हेतूनेच दिला असेल, पण तो समज घातक आहे, आणि शुभवर्तमानात त्याला आधार नाही. गेथशेमाने बागेतली ती रात्र आठवा. जैतुनाच्या झाडांखाली प्रभू येशू एकटा आहे, सोबतचे शिष्य झोपी गेले आहेत, उद्या काय होणार हे त्याला स्वच्छ दिसते आहे, आणि त्याला भय वाटते आहे. इतके की लूक त्याच्या घामाची तुलना रक्ताच्या थेंबांशी करतो. हा प्याला टळावा म्हणून त्याने विनविले, एकदा नव्हे, तीनदा. प्याला टळला नाही. मग तो उठला, शिष्यांना जागे केले, आणि मशाली घेऊन येणाऱ्यांच्या दिशेने चालू लागला. देवपुत्राला ज्या भयाची लाज वाटली नाही, ते बोलून दाखविण्याची लाज आपण का बाळगावी?

ही लाज माणसे मारते. आपल्या विदर्भात किती घरांतला कर्ता पुरुष एका पहाटे फवारणीच्या औषधाकडे वळला, हे मी तुम्हाला सांगायला नको; तुमच्यापैकी काहींच्या घरचीच ती गोष्ट आहे. कर्ज पुष्कळांवर असते. पण मी ज्या ज्या अशा ओसरीवर जाऊन बसलो, तिथे एकच वाक्य कानी आले: बोलले नाहीत हो, काहीच बोलले नाहीत. देवापाशी बोला, आईपाशी बोला, मित्रापाशी बोला. आणि मन इतके काळवंडले असेल की शब्दच फुटत नाही, तर वैद्याकडे जा. औषध घेणे ही श्रद्धेतली उणीव आहे असे जो सांगेल, मग तो माझ्या धर्माचा का असेना, त्याचे ऐकू नका.

आमच्या घरी प्रार्थना आली तीही दुष्काळाच्याच वाटेने. माझी आजी छप्पनच्या दुष्काळातले पोर. मिशनच्या अनाथालयात ती वाढली, आणि पुढे सून म्हणून पूर्णाकाठच्या एका खेड्यात आली. तिच्यापासून माझी आई प्रार्थना करायला शिकली. 1972 च्या कोरड्या सालानंतरची गोष्ट. एका पतसंस्थेची जप्तीची नोटीस आमच्या घरी आली होती. मुदत संपली होती, वडिलांनी ती नोटीस कोनाड्यात बायबलाखाली सारली आणि दिवसभर तोंडातून अक्षर काढले नाही. रात्री मी घोंगडीखाली जागा होतो. कंदिलाची वात बारीक केलेली, आई जात्यापाशी गुडघे टेकून बसलेली, पदर डोक्यावरून ओढलेला. पुस्तकातली मराठी तिला वाचता येई, पण देवाशी ती वऱ्हाडीतच बोले. “देवा, मले लय भेव लागून रायलं. यायलेई लागून रायलं, पन हे बोलत नाईत. उद्या कचेरीत जाचं हाये. तू यायच्या संगं जाय.” इतकीच प्रार्थना. नोटीस फिरव असे तिने मागितले नाही, पैसा मागितला नाही. बाजेवर वडिलांनी कूस बदलल्याचा आवाज मला ऐकू आला. ते ऐकत होते.

पहाटे त्यांनी फेटा बांधला, कोनाड्यातली नोटीस काढून बंडीच्या खिशात घातली आणि आठ मैल चालत गेले. परतले ते दिवेलागणीला. हप्ते बांधून मिळाले होते, पण पहिल्या हप्त्यापोटी खांद्या बैल विकावा लागणार होता, आणि पुढच्या बाजारी तो विकलाच. त्याच्या रिकाम्या खुंट्याशी मी कित्येक दिवस जाऊन बसत असे. त्या संध्याकाळी मात्र आईने पाय धुवायला तांब्या पुढे केला आणि विचारले, “भेव लागलं काय?”

“लागलं,” वडील म्हणाले, “पायरी चढेलोक.” आणि त्यांनी भाकर मागितली.